'नलिका दिसली नाही' म्हणजे नॉर्मल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इचलकरंजीच्या 2012 च्या साथीपासून आपल्याकडे कावीळ म्हटली की बोट पाण्याकडे जाते. पण लघवी गडद, शौच पांढुरकी, अंगभर खाज आणि रक्तात एसजीपीटीपेक्षा (यकृताच्या पेशींची इजा दाखवणाऱ्या एन्झाइमपेक्षा) अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबले की वाढणारे एन्झाइम) हेच जास्त चढलेले असेल, तर पित्तनलिका तुंबल्याचा संशय धरावा. गळ्यात माळ घालून पंधरवडा घालवू नये.

पहिली तपासणी सोनोग्राफी. सहा ते आठ तास उपाशीपोटी. दुधाचा चहाही नको, त्याने पित्ताशय आकसते. नलिका साधारण 6 मिमीपर्यंत रुंद असते, पित्ताशय काढलेल्यांत 10 मिमीही चालते. खरी गोम रिपोर्टातल्या एका ओळीत असते: 'सीबीडीचे (मुख्य पित्तनलिकेचे) खालचे टोक गॅसमुळे दिसले नाही.' ही ओळ सर्रास 'नॉर्मल' म्हणून वाचली जाते. खडा अडकतो तो बहुधा तिथेच! पेशंटला कुशीवर वळवून, तांब्याभर पाणी पाजून, थोडे बसते करून पुन्हा प्रोब ठेवला तर पुष्कळदा ते टोक सापडते. गर्दीत एवढा वेळ कोण देतो, हा भाग वेगळा. निदान 'टोक दिसले नाही, एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करावी' असे ठळक लिहायला सोनोग्राफी केंद्रांना काय हरकत आहे?

खड्यासाठी थेट सीटी करून भागत नाही. कोलेस्टेरॉलचे बरेच खडे सीटीवर पित्तात मिसळून जातात. एमआरसीपीत पित्त पांढरे आणि खडा काळा दिसतो, इंजेक्शन लागत नाही. मात्र श्वास नीट रोखला नाही तर चित्र हलते, आणि 3-4 मिमीचा खडा निसटू शकतो. तिथे एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली) सरस. आधी ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेत शिरून केलेली प्रक्रिया) झालेल्यांत हवेचा बुडबुडाही काळाच दिसतो. आडव्या छेदात तो वर तरंगतो, खडा तळाला बसतो, एवढे पाहिले तरी फसगत टळते.

ईआरसीपी उपचारासाठी, नुसते 'बघायला' नव्हे. तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. नलिका दाबणाऱ्या गाठीचा संशय असेल तर सीटी हा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) टाकण्याआधीच करावा, नंतर स्टेंटची चकाकी आणि सूज यांत गाठीची कड हरवते. अपवाद एकच: काविळीबरोबर हुडहुडी भरून ताप आला, तर स्कॅनच्या नंबराची वाट न पाहता त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करून नलिका मोकळी करण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट, कोल्हापूर