पोलिसांनी गाडी थांबवली तर

रॉली, नॉर्थ कॅरोलिना, अमेरिका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी पिस्तूल बाळगतो हे कळल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही आणि बाबा, तुम्ही फोनवर विचारलेत की परवाना असताना गाडी अडवणाऱ्या पोलिसांना पिस्तुलाबद्दल आपण होऊन सांगायचेच कशाला. तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमच्या राज्यात ही गोष्ट माझ्या मर्जीवर सोडलेलीच नाही. हत्यार झाकून बाळगणाऱ्याने, पोलीस जवळ आला किंवा बोलू लागला की, आपल्याकडे परमिट, म्हणजे हत्याराचा परवाना, आहे आणि हत्यार आत्ता सोबत आहे हे स्वतःहून सांगावे, असा इथला कायदा आहे. मात्र उत्तरेला व्हर्जिनियाची हद्द ओलांडली की पोलिसाने मागितल्यावर परमिट आणि ओळखपत्र दाखवले तरी पुरते. ओहायोत जून 2022 पर्यंत सांगणे बंधनकारक होते. आता विचारले तरच सांगावे लागते. म्हणजे तुमचे म्हणणे काही राज्यांच्या कायद्याला धरूनच आहे.

तरीही मी सगळीकडे सांगणार आहे. गाडीचे लायसन्स काढायला हात कमरेकडे गेला, शर्ट जरा वर सरकला आणि पोलिसाला आधी पिस्तुलाची मूठ दिसली, तर परवान्याची गोष्ट ऐकून घेण्याइतका वेळ तो देईलच असे नाही.

आईने फिलँडो कॅस्टिलबद्दल विचारले होते. 6 जुलै 2016 रोजी मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये त्याची गाडी अडवली गेली. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा हा 32 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण परवानाधारक होता. तिथल्या कायद्याने विचारल्याशिवाय सांगणे आवश्यक नसतानाही त्याने जवळ पिस्तूल असल्याचे अदबीने सांगितले आणि काही सेकंदांत पोलिसाने 7 गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर 4 वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले. कॅस्टिलच्या वर्णाचा विचार बाजूला ठेवून या मृत्यूकडे पाहणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि त्याने सांगितले ही त्याची चूक होती असे मी कधीही म्हणणार नाही. पण सांगितले म्हणजे आपण सुरक्षित झालो, असेही मी तुम्हाला खोटे लिहिणार नाही.

म्हणून मी क्रम ठरवला आहे. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचे, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, काच खाली करायची आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे. मग आधी परमिटचा उल्लेख, नंतर पिस्तूल उजव्या कमरेला आहे ही माहिती, आणि पुढे काय करू हा प्रश्न; तो सांगेपर्यंत हात हलवायचा नाही. लायसन्स आणि परमिट मी आता शर्टाच्या खिशात, पिस्तुलापासून दूर ठेवतो.

तुम्ही इकडे आलात की एवढे मात्र पाळा. बाबा, आपल्याकडे हवालदाराने गाडी अडवली की तुम्ही उतरून त्याच्याशी बोलायला जाता. इथे दार उघडायचेसुद्धा नाही. आई, तू त्या वेळी पर्समध्ये चष्मा किंवा पासपोर्ट शोधू नकोस, हात मांडीवर ठेवून बस. बोलायचे ते मी बोलेन.

तुमचा,
दादा