टक्का बदलला म्हणून पेटंट?

महोदय,

वीजवाहक पॉलिमरच्या लेपांवरून पेटंटचे वाद होतात, तेव्हा घोडे बहुधा एकाच ठिकाणी अडते: या विषयातल्या जाणकाराला हे मिश्रण सहज सुचले असते का? पेडॉट-पीएसएस हा निळसर लेप घ्या. फोटो फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून तो वापरला जाई. त्यात डीएमएसओ किंवा एथिलीन ग्लायकॉल यांसारखे द्रावक थोडे घातले की सुकलेल्या थराची वाहकता शेकडो पटींनी वाढू शकते. हे पहिल्यांदा दाखवणाऱ्याला श्रेय द्यायलाच हवे. पण ते जगजाहीर झाल्यावर कुणी ‘पाच ते सात टक्के’ एवढेच लिहून नवा दावा केला, तर त्याला शोध कसे म्हणायचे? नेहमीच्या प्रयोगांतून योग्य प्रमाण काढणे हा शोध नव्हे, असे अमेरिकेत ‘अ‍ॅलर’ प्रकरणात १९५५ मध्येच ठरले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या ‘केएसआर’ निकालाने तर ठरावीक साच्यापेक्षा जाणकाराच्या व्यवहारज्ञानाला वजन दिले.

उत्तर कळल्यावर सगळेच सोपे वाटते, हा कंपन्यांचा बचाव अगदीच पोकळ नाही. म्हणूनच जुना आणि नवा लेप त्याच काचेवर, त्याच जाडीचा, त्याच तापमानाला सुकवून मोजलेले आकडे अर्जातच मागावेत. आपल्या कायद्याचे कलम ३(ई) नुसत्या मिश्रणाला पेटंट नाकारते आणि मंजुरीपूर्वी कुणालाही हरकत घेता येते. आपल्या लघुउद्योजकांनी हा हक्क जरूर वापरावा.

– रंग-रसायन व्यवसायातील एक वाचक, डोंबिवली