आईच्या सुजेबद्दल, दादा-वहिनीस

न्यूकॅसल,
९ जून

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आई शेजारीच बसलेली असते आणि तिच्या देखत सगळं बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघांनीही वाचा. मधला मरे डॉक्टरांचा भाग आईला मोठ्याने वाचून दाखवा, बाकीचं तुमच्यापुरतं ठेवा.

दादा, तू पाठवलेला रिपोर्ट पाहिला. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) ८६ आणि फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) अगदी तळाला. तेव्हा आता शंका उरली नाही. आईच्या तोंडावरची सूज वयामुळे नाही, मिठामुळे नाही आणि ती जाडही झालेली नाही. तिने थायरॉइडची गोळी बंद केली, त्याची ही सूज आहे. या दुखण्याला मिक्सिडीमा म्हणतात.

वहिनी, तू मला विचारलंस की पाय सुजले म्हणजे किडनी किंवा हार्ट, थायरॉइडचा काय संबंध? तुझा प्रश्न रास्त आहे. थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की कातडीच्या थरात हायलुरॉनिक आम्ल नावाचा चिकट पदार्थ साठत जातो. सब्जाचं बी जसं पाणी धरून फुगतं तसा तो पाणी धरून बसतो. ते पाणी मोकळं नसतं, म्हणून बोटाने दाबलं तरी हलत नाही. आईच्या नडगीवर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धर आणि सोड. किडनी किंवा हार्टच्या सुजेत बहुधा तिथे खळगा राहतो. आईच्या पायावर तो राहत नाही, हे तूच मला व्हिडिओवर दाखवलंस. अर्थात एवढ्यावर हार्ट ठीक आहे असं धरून चालायचं नाही. या आजारात हृदयाभोवतीच्या पिशवीतही पाणी साठू शकतं. डॉक्टरांनी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला आहे, तो या आठवड्यातच करून घ्या.

बाकीच्या खुणा तुम्ही गेले काही महिने पाहतच होतात, फक्त त्या एका माळेत ओवल्या गेल्या नव्हत्या. वैशाखात सगळी लालबाग घामाने निथळत असताना आई पंखा बंद करा म्हणायची आणि चादर घेऊन बसायची. पाटल्या मनगटात रुतल्या. आवाज घोगरा झाला. जीभ जड होऊन बोलणं संथ झालं. भुवयांचे बाहेरचे केस विरळ झाले. शौचाला साफ होईना. रात्री बोटांना मुंग्या यायला लागल्या, कारण मनगटातल्या अरुंद जागेतही हीच सूज येते आणि तिथला मज्जातंतू दाबला जातो. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून तिचं तूप बंद केलंत, पण तेही बहुतेक यामुळेच वाढलं असणार. प्रत्येक तक्रारीला घरात स्वतंत्र उत्तर मिळत गेलं, त्यामुळे मूळ कारणाकडे लक्ष गेलं नाही.

गोळी सोडण्यामागचं आईचं कारण मला कळतं. रिपोर्ट नॉर्मल आला होता, तिला बरं वाटत होतं, आणि कुणीतरी सांगितलं की या गोळ्यांची सवय लागते. पण रिपोर्ट नॉर्मल आला होता तो गोळीमुळे. तिची ग्रंथी तिच्याच शरीरातल्या अँटिबॉडीजनी हळूहळू निकामी केली आहे. याला हाशिमोटोचा आजार म्हणतात, आणि अशी निकामी झालेली ग्रंथी काढ्याने पुन्हा उभी राहत नाही. त्यात हे औषध अंगातून फार सावकाश उतरतं. अर्धं संपायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडली तर पहिले काही आठवडे काहीच बिघडत नाही, आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवायही छान चाललंय! मला या गोष्टीचा राग येतो. ज्याने कुणी आईला हा सल्ला दिला, त्याने चांगल्या मनाने दिला असेल, पण असल्या सल्ल्यांनी माणसं जातात.

आता हा भाग आईला वाचून दाखवा.

आई, मी ज्या गावात राहते तिथलीच गोष्ट आहे. लंडनच्या विल्यम गल नावाच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये अशा सुजलेल्या, मंदावलेल्या पाच बायकांचं वर्णन लिहिलं. पुढे १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या दुखण्याला मिक्सिडीमा हे नाव दिलं. पण नाव मिळालं तरी उपाय नव्हता. बायका सुजत जायच्या, बोलणं मंद व्हायचं, आणि शेवटी जायच्या. मग १८९१ मध्ये इथे न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढला आणि ४६ वर्षांच्या एका बाईंना कातडीखाली टोचला. काही महिन्यांत त्यांची सूज उतरली आणि बोलणं सुधारलं. पुढे तोच अर्क तोंडाने घेता येतो हे कळलं. त्या बाई अर्क घेत आणखी २८ वर्षं जगल्या आणि १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी गेल्या. तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशोब मरे यांनीच लिहून ठेवला आहे. तुझ्या डबीतल्या इवल्याशा गोळीत त्याच अर्कातलं मुख्य हार्मोन आहे, फक्त आता ते कारखान्यात तयार होतं आणि त्यासाठी एकही मेंढी मारावी लागत नाही. त्या बाईंनी औषध शेवटपर्यंत घेतलं. तूही घ्यायचं आहेस.

दादा, इथून पुढचं पुन्हा तुमच्यासाठी.

डॉक्टरांनी फक्त २५ मायक्रोग्रॅम का दिलं, पूर्वी ७५ चालू होतं ना, असं तू चिडून म्हणालास. त्यांनी योग्यच केलं आहे. आईचं वय ६८, छातीत दुखण्याचा जुना त्रास, आणि तिचं हृदय कित्येक महिने संथ चालत आलं आहे. एकदम पूर्ण डोस दिला तर हृदयाची प्राणवायूची गरज अचानक वाढेल, ठोके बिघडतील, छातीत दुखेल. म्हणून पायरी-पायरीने वाढवायचं असतं. घाई करून मनाने डोस वाढवू नका. टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी करा. त्याआधी कुठल्या लॅबच्या स्वस्त पॅकेजमध्ये करून घेतलं तर आकडा अजून वरच दिसेल आणि आई म्हणेल, औषधाचा उपयोग नाही.

सूज कशी उतरेल तेही सांगून ठेवते. आधी लघवी वाढेल, वजन थोडं कमी होईल, चेहरा हलका दिसेल. आवाज, कातडी आणि केस यांना महिने लागतील. केस तर सुरुवातीला जरा जास्तच गळल्यासारखे वाटतील. घाबरू नका.

वहिनी, तू मनापासून करतेस, मला माहीत आहे, पण आईचं मीठ बंद केलं आहेस ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसंच चालू ठेवू नकोस. या आजारात रक्तातलं सोडियम आधीच खाली जातं. सूज उतरावी म्हणून शेजारच्यांनी दिलेली लघवीची गोळी तर अजिबात नको, तिने सोडियम आणखी घसरेल. रिपोर्टमध्ये मला सोडियम दिसलं नाही. उद्याच करून घ्या.

आता जे मला फोनवर बोलवत नव्हतं ते लिहिते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डात एक म्हातारी बाई आणली होती. एकटी राहायची, गोळ्या संपल्या होत्या, त्यात छातीत कफ झाला. शेजाऱ्यांना ती खुर्चीत सापडली. हाक मारली तर डोळे किलकिले करायची, पुन्हा मिटायची. अंग थंडगार, नाडी चाळिशीत, श्वास उथळ, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला. आजार या टोकाला गेला की त्याला मिक्सिडीमा कोमा म्हणतात. कोमा हा शब्द ऐकून माणूस पूर्ण बेशुद्धच असेल असं समजू नका. नुसती न ओसरणारी गुंगी आणि बरळणं, हेही त्यातच येतं. तिला आयसीयूत घेतलं, आधी स्टेरॉइड दिलं, मग थायरॉइडचं हार्मोन शिरेतून. शेकलं नाही, फक्त पांघरुणं घातली, कारण बाहेरून जोरात ऊब दिली तर कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब कोसळतो. ती वाचली. पण चांगल्या आयसीयूतही अशी पुष्कळ माणसं वाचत नाहीत, आणि त्यांच्यात जास्त करून साठी उलटलेल्या बायका असतात.

मुंबईत इथल्यासारखी थंडी नाही म्हणून आपण निश्चिंत राहू नये. थंडी हे एक निमित्त आहे. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, हार्ट अटॅक, ऑपरेशन, यातलं काहीही पुरतं. पाऊस तोंडावर आला आहे आणि दर पावसाळ्यात आईला खोकला होतो. यंदा खोकला दोन दिवसांच्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवा, आणि थायरॉइडचं आधी सांगा. ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही असं धरू नका, या आजारात ताप चढतच नाही असं होतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध देऊ नका. बाबा गेल्यापासून ती अधूनमधून झोपेची गोळी घेते, ती काढून तुझ्या कपाटात ठेव, दादा. ती कमी करायची की थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. आत्ता गुंगी आणणारी कुठलीही गोळी तिचा श्वास मंद करू शकते.

आई नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागली, उठवलं तरी नीट जागी होत नाही, काहीतरी असंबद्ध बोलते, हातपाय आणि पोटसुद्धा गार लागतं, श्वास संथ झाला, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा किंवा टॅक्सीत घालून सरळ केईएमच्या कॅज्युअल्टीत न्या, आपल्याला तेच जवळ आहे. तिथे पहिलं वाक्य हेच सांगा: थायरॉइडची पेशंट आहे, गोळी बंद झाली होती. हा रिपोर्ट बरोबर असू दे. साध्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर साधारण ३५ अंशांच्या खालचं दिसत नाही, तेव्हा पारा चढला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

आणखी एक. मामीलाही थायरॉइड आहे आणि तिच्याही नडग्यांवर सूज आहे, म्हणून दोघींचं दुखणं एकच असं घरात सगळे धरून चालतात. तसं नाही. मामीची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते, तिला ग्रेव्ह्जचा आजार आहे. तिच्या नडगीवरची कातडी लालसर, जाड, संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे. तीही थायरॉइडमुळेच, पण तिचं औषध उलट दिशेचं आहे. तिची कार्बिमेझोल ग्रंथीला आवरते, आईची गोळी ग्रंथीची उणीव भरून काढते. मे महिन्यात मामी राहायला आली होती तेव्हा दोघींच्या डब्या एकाच फळीवर होत्या हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. डब्या वेगळ्या ठेवा आणि वर मार्करने नाव लिहा. मामीला माझा निरोप द्या की या औषधावर असताना ताप आला किंवा घसा खूप दुखला तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. या औषधाने क्वचित त्या एकदम खाली जातात. हा निरोप विसरू नका.

गोळीच्या वेळेवरून आईशी भांडण होतं ते मला माहीत आहे, कारण पहाटेचा चहा तिला सोडवत नाही. माझं म्हणणं असं की सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा ती उठतेच. तेव्हाच पेल्याभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची, मग पाणी भरून होईपर्यंत तास सहज जातो, नंतर चहा. म्हणजे चहा सोडायचाही नाही आणि कुणी मागे लागायलाही नको. डबी मोरीच्या वरच्या फळीवरून हलवा, पावसात तिथे ओल असते. झाकण घट्ट, आणि गोळ्या दुसऱ्या बाटलीत ओतायच्या नाहीत. कोबी-फ्लॉवरबद्दल वहिनीने विचारलं होतं. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खाऊ दे.

२०१३ मध्ये आठ शहरांतल्या पाहणीचा अहवाल आला होता, मुंबईही त्यात होती. त्यात मोठ्या माणसांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना थायरॉइडची कमतरता आढळली. म्हणजे आपल्या बिल्डिंगमध्येच आणखी कितीतरी घरांत ही गोळी असेल किंवा असायला हवी असेल. तळमजल्यावरच्या काकू हल्ली फार थकतात असं वहिनी म्हणाली होती. त्यांना एकदा टीएसएच करायला सांग.

इको झाला की रिपोर्ट पाठव. रविवारी मला सुट्टी आहे, तुमच्या दुपारी फोन करीन. आईला साष्टांग नमस्कार, चिमीला गोड पापा.

तुमची,
छोटी

ता.क. आईची कॅल्शियमची आणि लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर द्या. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास तरी जायला हवेत, नाहीतर ती अंगी लागत नाही. आणि केसांसाठी वहिनीने आणलेल्या कॅप्सूलवर बायोटिन लिहिलं आहे का बघा. असेल तर पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, त्याने आकडे चुकीचे येतात.