हॉलमधलं घड्याळ बदललंय, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

तुम्ही एडिसनला पोचाल तेव्हा मी कामासाठी डॅलसला असेन, म्हणून हे पत्र टेबलावर ठेवून जातेय. हीटर लावून ठेवलाय. फ्रीजमध्ये दही आहे, मुगाची खिचडी आहे, निळ्या डब्यात मेतकूट.

बाबा, आत शिरल्या शिरल्या तुमचं लक्ष भिंतीकडे गेलंच असेल. आजोबांचं घड्याळ टाकलेलं नाही! तुमच्या खोलीत, छातीच्या उंचीवर लावलंय. आता उभ्या उभ्या चावी देता येईल. लेव्हल लावून बघितलंय, लंबक नीट झुलतो, टोलेही बरोबर पडतात. आधी विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि तुमचं "बघू" मला ठाऊक आहे. त्या गुडघ्यांनी दर रविवारी स्टुलावर चढणं मला इतक्या लांबून बघवत नाही. स्टूल घरात नाहीये, शोधू नका.

नवं आहे ते ॲटॉमिक घड्याळ. नाव मोठं, पण आत अणुबिणू काही नाही. साधं क्वार्ट्झचं घड्याळ, सोबत एक छोटा रेडिओ. खरी अणुघड्याळं कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी केंद्रावर. ते १९६३ पासून ६० किलोहर्ट्झवर वेळ सांगतंय; दर सेकंदाला एक खूण, पूर्ण निरोप एका मिनिटाचा. आकाशवाणीवर बातम्यांआधी पिप् पिप् वाजायचं, तेव्हा तुम्ही मला मांडीवर घेऊन शेवटच्या पिप्‌ला तुमच्या एचएमटीची चावी दाबायला द्यायचात, आठवतं? हे घड्याळ तसंच रोज रात्री स्वतःला लावून घेतं. रात्री त्या लहरी लांबवर पोचतात.

आई, ते भिंतीच्या मधोमध का नाही म्हणशील. कोलोरॅडो आपल्या पश्चिमेला, अडीच हजार किलोमीटरवर. म्हणून पश्चिमेच्या खिडकीजवळ, टीव्ही आणि फ्रीजपासून लांब लावलंय. शोभेसाठी हलवू नकोस. आणि मामाला द्यायचं तर मनातही आणू नकोस, पुण्यात हा सिग्नल पोचत नाही. तुझी थायरॉइडची गोळी त्याच्यावर बघून सहाला, चहा सातला. साडेसहाला नाही.

सेल बदलायची वेळ आली तर साधे अल्कलाइन घाला, चार्जिंगचे नकोत. काटे आपोआप गरगर फिरून बारावर थांबतील, घाबरू नका. मागे ईस्टर्नचं, म्हणजे आपल्या इथल्या वेळेचं, बटण तेवढं दाबायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. हाताने काटे लावायचे नाहीत. बाबा, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हे आपणच एक तास मागे जाईल. आजोबांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवत नाहीत, लंबक तासभर थांबवून ठेवायचा, हे मी तुम्हाला काय शिकवणार? ते काम तुमचंच राहिलंय. लंबक पुन्हा कधी सोडायचा ते नव्या घड्याळावर बघा, फोनवर नको. त्या दिवसापासून मावशीला फोन करताना साडेनऊ नाही, साडेदहा तास पुढे धरा. नाहीतर तिला अर्ध्या रात्री उठवाल.

आधी जेवा, मग बॅगा उघडा. लोणच्याची बरणी फुटली असेल तर उद्या बघू. डॅलस एक तास मागे आहे, म्हणून नऊपासून फोन हातात धरून बसू नका. तुमच्या दहाला करते.

तुमची,
छकुली