पावसच्या काकीस, साक्याच्या वहीबद्दल

प्रिय काकी,
साष्टांग नमस्कार.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, प्रयोगशाळेतले मदतनीस आहेत, आईबाबा आहेत. तू नाहीस. आठ वर्षं ते मला टोचतंय, म्हणून आज चारचौघांत लिहितेय.

बारावीची परीक्षा संपवून मी पावसला तुझ्या शेडमध्ये आंबे निवडायला आले, ती कॉलेजच्या फीसाठी. पहिला आठवडा तू मला नुसतं देठाकडे बघायला लावलंस. खांदे वर आले का? देठाशी खळगा पडला का? "चौदा आणे तयार झाला की काढायचा गो बाय. सोळा आणे होईस्तोवर थांबलीस तर साका पदरात पडेल."

साका म्हणजे हापूसच्या गरातला दोष, तो कापल्याशिवाय दिसत नाही. वरून आंबा देखणा, वास घमघमणारा, आणि सुरी घातली की बाठ्याभोवतीचा गर पांढुरका, भुसभुशीत, आंबूस. चीमा आणि दाणी या संशोधकांनी १९३४ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, हे मला दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेल्यावर कळलं. तुझी नोंद मात्र मी आधीच पाहिली होती. किराणा दुकानातली लांब वही, त्यात तू आखलेले रकाने: तारीख, कलमाचा नंबर, किती कापले, किती साक्याचे. आणि एक रकाना, ज्याचं मला तेव्हा नवल वाटायचं: 'खाली काय'. कातळ, माती की पाचोळा. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागून साका वाढतो, खाली आच्छादन असलं तर तो कमी होतो, असे शोधनिबंध पुढे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तुझ्या त्या रकान्याचा विचार करत बसले होते.

प्रत्येक कलमाचे पाच आंबे अढीत पिकवून कापायचे, हे माझं काम. मे संपत आला होता, वाशीला जाणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता, आणि मी तीन कलमांपुढे न कापताच 'पाचांत शून्य' लिहिलं. संध्याकाळी तू घमेल्यातले बाठे मोजलेस. पंधरा कमी. मला वाटलं, उद्यापासून येऊ नकोस म्हणशील. तू पेन हातात दिलंस. "एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही कर. आणि कापला नाही, असं लिही."

काकी, प्रयोगाची वही कशी लिहावी हे मला नंतर खूप जणांनी सांगितलं. इतकं नीट कोणी नाही सांगितलं.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसाने माझ्या दोन ओळींतली फळं गळाली. तक्त्यात मोकळ्या जागा राहिल्या. त्या सरासरीने भर, कोणाला कळणार नाही, असा सल्ला मिळाला. मी तिथे 'फळ मिळाले नाही' असं लिहिलं. प्रबंध सहा महिने लांबला. त्या सहा महिन्यांचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

१९८१ ची रत्ना ही आंब्याची जात, नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेली, साक्यापासून मुक्त. तिच्याबद्दल विचारलं तर तू म्हणायचीस, "चांगली आहे, पण ती रत्ना. हापूसचं काय?" माझं सगळं संशोधन त्या "हापूसचं काय"च्या मागे चाललंय.

फी कमी पडली तेव्हा पुढच्या हंगामाची मजुरी तू आधीच हातावर ठेवलीस, तेही मी विसरलेले नाही.

येत्या मे महिन्यात दोन विद्यार्थिनींना घेऊन येतेय. वही अजून माळ्यावर असेल तर काढून ठेव. त्यांना ते रकाने बघायचेत, आणि मला त्यांना ती खोडलेली ओळ दाखवायचीय.

तुझी,
शेडमधली पोर