अनुदान बिलातूनच वजा व्हावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी मिळणाऱ्या अनुदानाची चर्चा सध्या गावोगावी चालू आहे. त्या चर्चेला जोडूनच, पण वेगळ्या यंत्राविषयी हे पत्र लिहीत आहे. ते यंत्र म्हणजे पाणी तापवण्याचा घरगुती उष्मापंप, ज्याला दुकानदार सरळ ‘हीट पंप’ म्हणतात. मी गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षे काढून निवृत्त झालो आहे. त्यामुळे यंत्राइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, मला त्यामागच्या पैशाच्या वाटेविषयी सांगायचे आहे.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. गेल्या वर्षी त्याने घरातला गॅसचा बॉयलर काढून त्या जागी उष्मापंप बसवला आणि सरकारकडून साडेसात हजार पौंड मिळाल्याचे मोठ्या कौतुकाने फोनवर सांगितले. जन्मभराच्या सवयीने मी पहिला प्रश्न विचारला, ‘खात्यात कधी जमा झाले?’ तो म्हणाला, ‘मामा, खात्यात आलेच नाहीत. बसवणाऱ्याने बिलातच कमी करून दिले.’ हे एक वाक्य मला त्या साडेसात हजारांपेक्षा मोलाचे वाटले, म्हणून मी त्या योजनेचे कागद मुळातून वाचून काढले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मे 2022 पासून ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ चालू आहे. आरंभी हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला 5,000 पौंड मिळत असत; लोक अपेक्षेइतके पुढे येईनात, तेव्हा ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 7,500 पौंड करण्यात आली. या योजनेत घरमालकाला अर्जाची धावपळ करावी लागत नाही. पंप बसवणारा प्रमाणित व्यावसायिक ‘ऑफजेम’ या ऊर्जा नियामक संस्थेकडे अर्ज करतो, घरमालक फक्त आपली संमती कळवतो, अनुदान त्या व्यावसायिकाला मिळते आणि तेवढी रक्कम त्याने आपल्या बिलातून वजा केलेली असते. स्कॉटलंडची व्यवस्था निराळी आहे: तिथे 7,500 पौंडांपर्यंत अनुदान, तितकेच बिनव्याजी कर्ज, आणि दुर्गम ग्रामीण भागातल्या किंवा बेटांवरच्या घरांना अनुदानात 1,500 पौंड जादा, कारण अशा ठिकाणी माणूस आणि माल पोहोचवण्यातच खर्च वाढतो. हे वाचताना आमच्या खाडीपलीकडच्या वाड्या डोळ्यांपुढे आल्या, जिथे साधा फ्रिज दुरुस्त करायला येणारा माणूसही आधी फेरीबोटीची वेळ विचारतो.

तिकडे हा पंप मुख्यतः घर उबदार ठेवण्यासाठी लागतो. आपल्याला घर तापवण्याची गरज देवाने ठेवलेली नाही, ते काम मे महिना परभारे करतो. आपल्याला गरम हवे असते ते अंघोळीचे पाणी. माझ्या लहानपणी परसातल्या पाणचुलीवर हंडा चढत असे आणि खाली सोडणे, करवंट्या, चुडते जळत असत. पुढे तांब्याचा बंब आला आणि त्यानंतर गिझर. आज आमच्या वाडीत जवळजवळ प्रत्येक न्हाणीत गिझर आहे आणि सकाळी सहा ते आठ या वेळात तो सगळीकडे एकदमच चालू होतो, तेव्हा दिव्यांचा उजेड मंदावतो हे कोकणातल्या कोणत्याही वाचकाला वेगळे सांगायला नको.

उष्मापंपाचे तत्त्व फ्रिजचेच आहे. फ्रिज आतल्या वस्तूंची उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो, तर उष्मापंप हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्याला देतो. इथे वीज उष्णता निर्माण करण्यात खर्च होत नाही, फक्त ती उचलून नेण्यात होते. म्हणून एका युनिट विजेत पाण्याला तीन युनिटांइतकी, आणि हवा उबदार असेल तर त्याहूनही अधिक, उष्णता मिळू शकते. लीड्समध्ये जानेवारीत हवा पाच अंशांच्या आसपास असते आणि त्या हवेतूनही पंप उष्णता ओढतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणातली हवासुद्धा पंचवीस अंशांच्या आगेमागे आणि वर दमट, म्हणजे या यंत्राला घरबसल्या मेजवानीच. सौर बंबाचे नेमके उलटे होते. माझ्याकडे तो आहे, उन्हाळ्या-हिवाळ्यात उत्तम चालतो. पण जूनपासून चार महिने त्याच्या टाकीतले विजेचे कॉइलच पाणी तापवते आणि गरम पाण्याची खरी गरज त्याच चार महिन्यांत असते. शिवाय आमची बरीचशी घरे अजून कौलारू आहेत. मंगलोरी कौलांवर पॅनेल बसवायचे तर वेगळा सांगाडा लागतो, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात शेजारच्या दापोलीची कौले आणि पत्रे कसे उडाले ते पाहिलेला माणूस छतावर आणखी काही चढवायला सहज राजी होत नाही. उष्मापंप परसात, पत्र्याच्या पडवीखाली राहू शकतो.

आता हिशेब. चार माणसांच्या घराला रोज शंभर लिटर गरम पाणी धरले आणि ते सत्तावीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यायचे म्हटले, तर गिझरला सुमारे 2.7 युनिट लागतात. उष्मापंपाला एक युनिटच्या आत. महिन्याला पन्नासएक युनिट वाचतात. माझ्या बिलात शंभर युनिटांपुढच्या टप्प्यातले युनिट सर्व आकार धरून बारा रुपयांच्या जवळ जाते, म्हणजे महिन्याला सहाशे रुपये, वर्षाला सात हजारांच्या आसपास. मला मिळालेले दोनशे लिटरच्या पंपाचे दरपत्रक एक लाख दहा हजारांचे आहे. सात हजारांनी एक लाख दहा हजार फिटायला पंधरा वर्षे लागतात आणि खाऱ्या हवेत यंत्र तेवढी वर्षे टिकेल याची हमी कोणीही देत नाही. स्पष्टच सांगायचे तर आजच्या किमतीला चौघांच्या घराला हा सौदा परवडत नाही. आमच्याकडच्या घरगुती निवास-न्याहारीवाल्यांचे गणित निराळे आहे. हंगामात रोज चारशे लिटर पाणी तापवणाऱ्याचे रोजचे सात युनिट वाचतात, दीडशे दिवसांत हजारभर युनिट होतात, त्यामुळे त्याला नऊएक वर्षांत मेळ घालता येतो, मात्र सुरुवातीची रक्कम त्याच्या हाती हवी. घरगुती उष्मापंपासाठी केंद्राची किंवा राज्याची स्वतंत्र अनुदान योजना मला चौकशीत मिळाली नाही.

अनुदान म्हटले की आपण पहिल्यांदा ‘किती टक्के?’ असे विचारतो. बँकेत बसून मी शिकलो ते असे की, ‘कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हाती?’ हा प्रश्न त्याहून मोठा आहे. आमच्या भाषेत ‘बॅक-एंडेड सबसिडी’ म्हणत, म्हणजे आधी सगळा खर्च लाभार्थ्याने उभा करायचा, मग तपासणी, मग कागद, मग कधीतरी अनुदान. सौर बंबांसाठी केंद्राचे अनुदान होते, जे 2014 मध्ये बंद झाले, त्या काळातले एका आंबा बागायतदाराचे प्रकरण मी विसरलेलो नाही. अनुदान येणारच म्हणून त्याने एका व्यापाऱ्याकडून व्याजाने पैसे घेऊन बंब बसवला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. रक्कम जमा झाली तेव्हा आंब्याचे दोन हंगाम उलटले होते आणि अनुदानाचा निम्मा भाग व्याजात आधीच गेला होता. कागद अडवणाऱ्यांत मी नव्हतो असेही म्हणवत नाही. एक सही राहिली म्हणून मी स्वतः प्रकरणे परत पाठवली आहेत. नियम तसाच होता. पण त्या नियमामुळे ज्याच्या गाठीला आधीच पैसा आहे त्यालाच अनुदान पचते, हे मला खुर्चीवर असताना जितके दिसले नाही तितके आता दिसते.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर पॅनेलच्या पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे कमाल 78,000 रुपये मिळतात. सारा व्यवहार पोर्टलवर असल्याने पूर्वीपेक्षा काम पुष्कळ वेगाने होते हे मान्य केलेच पाहिजे, आणि स्वस्त कर्जाची सोयही आहे. तरीही अनुदान यंत्रणा बसून तपासणी झाल्यावरच खात्यात येते. याच योजनेला उष्मापंपाची पुरवणी जोडावी, अशी माझी सूचना आहे. पॅनेलची वीज दुपारी तयार होते आणि गिझर चालतो पहाटे. उष्मापंपाची टाकी उष्णतारोधक असते. तो दुपारी बारा ते तीनमध्ये चालवला तर पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरेसे गरम राहते, घरचे ऊन घरच्याच न्हाणीत येते आणि सकाळच्या वेळी महावितरणच्या ट्रान्स्फॉर्मरवरचा बोजा हलका होतो. दोन किलोवॉटच्या गिझरऐवजी पाऊण किलोवॉटचे यंत्र, तेही दुपारी, एवढा हा फरक आहे. सरकार वीज निर्माण करण्यासाठी किलोवॉटमागे तीस हजार देते, तर सकाळच्या गर्दीतून दोन किलोवॉट काढून घेणाऱ्याला तेवढेच द्यायला काय हरकत आहे? कौलारू घरामुळे ज्याला पॅनेल बसवता येत नाही, त्यालाही केवळ पंपासाठी हे मिळावे.

मात्र ही रक्कम विक्रेत्याच्या बिलातूनच वजा व्हावी. उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोय करता येईल. हे काही नवे नाही: 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिव्यांची किंमत वीजबिलातून थोडीथोडी देण्याची व्यवस्था होतीच. दिव्याची रक्कम शेकड्यांत आणि पंपाची लाखात, हा फरक मी जाणतो. पण दर महिन्याला वाचणाऱ्या सहाशे रुपयांतूनच हप्ता निघाला, तर वसुलीसाठी बँकेला दारात यावे लागत नाही.

एक इशारा याच ठिकाणी द्यायला हवा, नाहीतर चार वर्षांनी परसात गंजके सांगाडे तेवढे उरतील. समुद्रकाठी एअर कंडिशनरच्या बाहेरच्या युनिटची काय दशा होते ते आपण पाहतोच. माझ्या शेजाऱ्याच्या युनिटची ॲल्युमिनियमची जाळी तिसऱ्या पावसाळ्यानंतर हाताने चुरगळत होती. तांब्याची नळी, तिला चिकटलेले ॲल्युमिनियम आणि वरून खारा ओलावा, मग वेगळे काय होणार? उष्मापंपातही तीच जाळी असते. म्हणून किनारपट्टीवरच्या अनुदानाला गंजरोधक लेप दिलेल्या जाळीची अट असावी, आणि हमीपत्रात ‘समुद्रकिनारी लागू नाही’ असे बारीक अक्षरांत छापणाऱ्या यंत्राला एक पैसाही मिळू नये. टाकीच्या आतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचवतो. आमच्या मचूळ विहिरींच्या पाण्यात तो लवकर संपतो, तेव्हा तो वेळेवर तपासून बदलण्याचा खर्च पहिल्या पाच वर्षांसाठी बिलातच धरलेला असावा. अनुदानाचा काही भाग, समजा पाचवा हिस्सा, विक्रेत्याला तीन वर्षांनी, यंत्र चालू असल्याची खात्री करूनच द्यावा. वाट पाहायचीच असेल तर ती विक्रेत्याने पाहावी, ग्राहकाने नको.

आणि दुरुस्तीला माणूस तालुक्यातच हवा. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी येथे फ्रिज-एसीचे काम जाणणारी मुले आहेत, आयटीआयमध्ये तो अभ्यासक्रम आहे. त्यांना या यंत्राचे काही दिवसांचे प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र दिले तर इंग्लंडमधल्या प्रमाणित व्यावसायिकाची जागा तेच घेतील. अनुदानाचा अर्ज त्यांच्याच हातून जावा, म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या बाईला ओटीपीसाठी मुंबईतल्या मुलाला फोन करावा लागणार नाही.

महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था) आणि महावितरण यांच्यातील कोणी अधिकारी हे पत्र वाचत असतील, तर गुहागर, मालवण आणि श्रीवर्धन या तीन तालुक्यांत प्रत्येकी शंभर घरे घेऊन दोन पावसाळे हा प्रयोग करून पाहावा आणि त्याचे आकडे आपल्या दैनिकातूनच प्रसिद्ध करावेत, ही विनंती. त्या घरांत माझे घर धरायला हरकत नाही. पाण्याचा आणि युनिटांचा रोजचा हिशेब मी वहीत लिहून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी