पॉलिश म्हणजे गाडीचा रंग काढणं, हे आधी समजून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती उठले की आमच्या धंद्यात गर्दी सुरू होते. दसऱ्याला गाडीची पूजा, दिवाळीत पाहुणे, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. गाडी आरशासारखी दिसली पाहिजे म्हणून जो तो पॉलिश मारायला येतो. जळगावात अजिंठा चौफुलीजवळ माझं रंगकामाचं आणि पॉलिशचं छोटं दुकान आहे. या कामाला हात लावून २७ वर्षं झाली. पत्रं लिहिण्याची मला सवय नाही, पण गेल्या मंगळवारी एक गाडी आली आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय.

गाडी काळी, उंच बांध्याची, मागच्या दसऱ्याला घेतलेली. मालक अमळनेरकडचे शेतकरी, सोबत कॉलेजातला मुलगा. शेडखाली गाडी चांगली दिसत होती. मी ती बाहेर उन्हात घ्यायला लावली, तेव्हा बॉनेटवर धुरकट पट्टे उमटले. ओल्या फरशीवर कुणी झाडू फिरवावा आणि ती तशीच वाळावी, तसे वळणावळणाचे. गाडी पुढे-मागे केली की पट्टेही सोबत सरकायचे. ते दाजी बॉनेटकडे बघत म्हणाले, "भाऊ, हाई काय व्हयनं? नवी गाडी शे." त्यांच्या आवाजातला तो कळवळा मी विसरू शकत नाही. केळीच्या दोन हंगामांचा पैसा त्या गाडीत गेला होता.

विचारलं तेव्हा कळलं की वर्षभरात दोनदा पॉलिश झालंय. एकदा वैशाखात पुतण्याच्या लग्नाआधी, दुसऱ्यांदा पोळ्याच्या सुमारास. दोन्ही वेळा गाडी चकाचक होऊन मिळाली आणि दोन-तीनदा धुतल्यावर पट्टे दिसू लागले. म्हणून ते पुन्हा तिथेच गेले, तिथे पुन्हा मशीन फिरलं. जागेचं नाव मी लिहीत नाही. हे एकाच ठिकाणी होतं असंही नाही.

मी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून स्वच्छ कापडावर घेतलं आणि बॉनेटवर तळहाताएवढी जागा पुसली. वरचं तेल आणि मेण निघून गेलं. मग टॉर्च तिरपी धरली. पुसलेल्या चौकोनात पट्टे ठळक झाले आणि त्यांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले. बाजूला, जिथे पुसलं नव्हतं तिथे, सगळं अजून गुळगुळीत वाटत होतं. मुलगा खाली वाकून बघतच राहिला. म्हणजे ओरखडे निघालेच नव्हते, त्यांत तेलकट पॉलिश भरलं होतं. दोन धुण्यांत ते वाहून गेलं की खालचं सगळं उघडं.

मग रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. छताच्या मधोमध, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता, तिथे ११८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बॉनेटच्या मध्यावर ९२. बॉनेटच्या उंचवट्याच्या धारेवर ७४. कारखान्यातून येताना जागोजागी थोडा फरक असतोच, पण एवढा नसतो. कुणीतरी घाईत वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा खरकागद, मारून वर मशीन चालवलं असणार.

हे आकडे वाचणाऱ्यांना कळावेत म्हणून थोडं सविस्तर सांगतो. हल्लीच्या गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंज थांबवणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर, ज्याला आमच्याकडचे जुने पेंटर अजून लॅकर म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याच्यामुळे, आणि उन्हापासून रंगाला राखणारं रसायनही त्यातच असतं. आपण ज्याला पॉलिश म्हणतो त्यात हा क्लिअर घासून पातळ केला जातो. ओरखड्याचा तळ जिथे आहे तिथपर्यंत आजूबाजूचं सगळं खाली आणायचं, म्हणजे ओरखडा उरत नाही. नीट केलं तर दोन-चार मायक्रॉन जातात आणि गाडीला ते परवडतं. दरवर्षी दोनदा, तेही कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं जाडसर पॉलिश, आणि लोकरीचं पॅड लावून केलं, तर परवडत नाही. क्लिअर पातळ झालेल्या गाडीचं आपल्याकडच्या वैशाखात काय होतं ते मी बघितलंय. आधी छत पांढुरकं पडतं, मग बॉनेटवर पोपडे सुटतात. मग त्यावर पॉलिश चालत नाही, पॅनल नव्याने रंगवावं लागतं.

लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे भिंतीला चुन्याचा हात द्यावा तसं काहीतरी वर चढतं. या एका गैरसमजामुळे चांगल्या गाड्यांची साल निघतेय.

आता ते जाळं येतं कुठून. पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी करा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल-गोल रेघा दिसतील. तारेच्या घासणीने घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरलं तर असंच दिसतं. ओरखडे खरं तर गोल नसतात, उभे-आडवे कसेही असतात. उजेड ज्यांना आडवा लागतो तेवढेच चमकतात, म्हणून गोल वाटतात. आणि ते बहुतेक वेळा मालकाच्या अंगणातच पडलेले असतात.

आपल्या भागाची धूळ साधी नाही. शेतातली काळी माती, गिरणा नदीच्या वाळूचे डंपर, क्रशरची कच, महामार्गाची कामं, सगळं येऊन गाडीवर बसतं. वाळूचा कण क्लिअरपेक्षा कितीतरी कठीण. सकाळी उठून कोरडं फडकं घेऊन गाडी पुसली की तो कण फडक्याखाली सापडतो आणि जाईल तिथे रेघ मारत जातो. काळ्या, गडद निळ्या गाडीवर ती लगेच दिसते. पांढऱ्या गाडीवरही पडलेली असते, फक्त दिसत नाही.

कोरडं पुसण्यामागचं कारण मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे नळ दररोज येत नाही. घरात प्यायला पाणी साठवायचं की गाडी धुवायची? म्हणून लोक फडकं मारतात आणि पाणी वाचवल्याचं समाधान मानतात. माझं त्यांना हात जोडून सांगणं आहे, पाणी नसेल तर धूळ बसू द्या. बसलेली धूळ रंगाला काही करत नाही, घासलेली करते. काच तेवढी ओल्या कापडाने पुसा आणि गाडी चालवा. आठ-दहा दिवसांनी दोन बादल्या पाणी मिळालं की नीट धुवा. आधी पंपाने किंवा मगाने पाणी सोडून माती भिजू द्यायची, वाहू द्यायची. मग एका बादलीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शांपूत बुडवून छतापासून खाली यायचं, प्रत्येक पॅनल झालं की मोजा साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शांपूत. चाकांजवळचा, दारांखालचा भाग सगळ्यात शेवटी. पुसताना मायक्रोफायबरचं मोठं कापड पसरून टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि ते काढायला परत पॉलिश लागतं.

धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घालू नका, हेही सांगून ठेवतो. वाऱ्याने कव्हर हलतं आणि रात्रभर तेच घासकाम चालतं.

कॉलन्यांमध्ये महिन्याच्या पगारावर गाड्या पुसणारी मुलं असतात, त्यांना कुणी दोष देऊ नये. पहाटे पाचला उठून एका बादलीत, एका फडक्यात वीस-पंचवीस गाड्या पुसतात. त्यांना दुसरी बादली आणि गाडीपुरतं वेगळं कापड आपण कधी दिलंय का? माझ्या ओळखीच्या एका कॉलनीत लोकांनी प्रत्येक गाडीचं कापड वेगळं ठेवायला सुरुवात केली. तिथल्या गाड्या वर्षभराने आल्या तेव्हा फरक मला हात न लावता दिसला.

दसऱ्याची पूजा तर आपण सगळेच करतो, मीही करतो. पण झेंडूची माळ तारेने बांधू नका, सुतळीने किंवा दोऱ्याने बांधा. गाडी हलली की तारेचं टोक बंपरवर आणि बॉनेटच्या कडेवर खोल चरा पाडतं. नखाला लागेल असा चरा पॉलिशने जात नाही. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं तर त्याच दिवशी भरपूर पाणी ओतून उतरवा, दुसऱ्या दिवशी कोरडं घासू नका. लग्नाच्या गाडीला फुलं चिकटवताना टेप रंगावर दोन दिवस उन्हात राहिला की त्याचा डिंक भाजून बसतो. वरात झाली की लगेच काढा.

माझ्या हातूनही एकदा गाडी खराब झाली आहे. १९९९ साली मी उस्तादांकडे हाताखाली होतो. एका डॉक्टरांची पांढरी गाडी होती. जेवणाच्या सुट्टीत, उस्ताद नसताना, मला मशीन चालवून बघायची हौस आली. दाराच्या मधून जाणाऱ्या उंच रेषेवर मी पॅड तिरपं धरलं आणि तिथेच थांबलो. दोन-तीन सेकंद असतील. जळका वास आला आणि मशीन उचललं तर बोटभर लांब राखाडी प्रायमर उघडा पडला होता. कडेवर रंग आधीच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब आणि उष्णता तिथेच एकवटते. उस्तादांनी मारलं नाही. त्यांनी दार स्वतः रंगवून दिलं, डॉक्टरांना खरं काय घडलं ते सांगितलं आणि पैसे माझ्या पगारातून तीन महिने कापले. तेव्हापासून प्रत्येक कडेवर टेप लावल्याशिवाय मी मशीनचं बटण दाबत नाही. डॉक्टर पुढे कितीतरी वर्षं उस्तादांकडेच येत राहिले. त्यांना खरं सांगितलं गेलं होतं, म्हणून.

धुरकटपणा राहतो तो बहुतेक वेळा शेवटची पायरी गाळल्यामुळे. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड ओरखडे लवकर कापतं, पण स्वतःचे बारीक माग सोडतं. त्यानंतर मऊ फोमचं पॅड, बारीक पॉलिश आणि शक्यतो गोल फिरता-फिरता हेलकावणारं मशीन घेऊन दोन-दोन फुटांचे चौकोन सावकाश करावे लागतात. पॅड दर चौकोनानंतर साफ करावं लागतं. पत्रा थंड लागतो. आपल्याकडे ४४-४५ अंशात बाहेर उभ्या असलेल्या काळ्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तिथे पॉलिश पसरायच्या आत वाळतं, त्याची भुकटी होते आणि तीच रंगावर घासली जाते. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी हे काम पहाटे नाहीतर रात्री करतो. या पद्धतीने एक गाडी व्हायला दीड-दोन दिवस लागतात. दोन तासांत "फुल बॉडी पॉलिश" करून देतो असं कुणी म्हणालं तर तो एकतर तेल भरतोय, नाहीतर रंग ओरबाडतोय.

सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर चढवायच्या पारदर्शक कडक थराचंही खूळ आलंय. कोटिंग वाईट नाही, पाणी आणि मळ त्यावर कमी धरतो. पण खाली जाळं असेल तर ते तसंच राहतं आणि काढायचं झालं तर आधी कोटिंग घासून काढावं लागतं. कोरड्या फडक्यापासून ते वाचवत नाही.

अमळनेरच्या त्या दाजींना मी सांगितलं की पूर्ण आरसा मी करून देणार नाही, कारण तेवढा रंग शिल्लक नाही. मऊ फोमने वरचे पट्टे हलके केले, खोल ओरखडे तसेच ठेवले, कडांना मशीन लावलंच नाही. शेवटी परत अल्कोहोलने पुसून, मीटर लावून, आधीचे आणि नंतरचे आकडे बिलाच्या मागे लिहून दिले. बॉनेटवर ९२ चे ९१ झाले होते. मुलाने त्या कागदाचा फोटो काढून घेतला.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी एवढीच विनंती आहे की हे आकडे सगळ्यांनीच लिहून द्यावेत. मीटर काही फार महागाचं नाही. ते एकूण जाडी दाखवतं, क्लिअर वेगळा दाखवत नाही आणि साधं मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, पण पत्र्यावर आधी-नंतरचा फरक त्यात लपत नाही. आणि गिऱ्हाइकांनीही गाडी ताब्यात घेताना शेडखाली बघू नये. एक जागा अल्कोहोलने पुसायला लावावी, उन्हात किंवा टॉर्चने बघावी आणि मगच पैसे द्यावेत.

दसऱ्याच्या निमित्ताने आपल्या दैनिकात वाहनांची पुरवणी निघते, त्यात नव्या गाड्यांच्या जाहिराती असतात. त्या पानांवर एका कोपऱ्यात गाडी कोरडी पुसू नये, माळेला तार वापरू नये, एवढ्या दोन ओळी तरी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक पॉलिश कारागीर, जळगाव